फरशीवरचं पाणी

तांब्यातलं पाणी माणसाच्या डोक्यावर पडलं की आधी एक दबका आवाज येतो, मग ते खांद्यावरून, पाठीवरून ओघळतं आणि जरा उशिरानं, तुटक तुटक फरशीवर पोचतं. मध्ये श्वास अडकल्याचा एक 'हुं' असतो. थंडीत त्या 'हुं'च्या जागी 'शिव शिव शिव' असतं. हे मला इतकं नेमकं माहीत आहे, कारण वयाच्या अकराव्या वर्षापासून मी न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून माझ्या आईच्या आंघोळी ऐकल्या आहेत. हसू नका. कुणाच्या मुली आईची गाणी ऐकत मोठ्या होतात, मी आईच्या आंघोळी ऐकत मोठी झाले. आणि त्यातल्या एका आंघोळीनं मला जो धक्का दिला, तो आज पन्नाशी उलटली तरी ओसरलेला नाही.

आई सोवळ्यातला स्वयंपाक करायची. आम्ही पंचवटीत, मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे दोन खोल्यांत राहायचो. बाबा सिन्नरच्या एका कारखान्यात होते. सकाळची एसटी धरायची म्हणून ते अंधारातच निघत आणि संध्याकाळी सगळ्या रस्त्याची धूळ घेऊन परत येत. दारात पाऊल ठेवण्याआधी त्यांना पाय धुवावे लागत, मग हात, मग तोंड, आणि मग 'अहो, अंगावर पण दोन तांबे घ्या ना' असं आतून यायचं. बाबा म्हणायचे, "अगं, मी कारखान्यात जातो, मसणात नाही." पण घ्यायचे बिचारे.

नाशकात बाहेरगावचे लोक आईवडिलांचं कार्य करायला यायचे, अजूनही येतात. नदीवरचे विधी उरकले की त्यांच्या जेवणाची सोय लागायची. आईला काम देणारे गुरुजी घाटावरचं बघत आणि त्यांच्या पत्नी, इंदूकाकू, जेवणाचं. नदीपासून दोन गल्ल्या आत त्यांचं स्लॅबचं, एकमजली, नवंकोरं घर होतं, आणि मागच्या अंगाला खास या स्वयंपाकासाठी एक मोठी खोली. आईच्या हातचे उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, खीर, कढी आणि पुरणपोळी. त्या पोळीबद्दल मी काय बोलू! मुंबईहून आलेले यजमान पानावरून उठताना हळूच विचारायचे, "दोन बांधून मिळतील का?" श्राद्धाची पोळी, अन् लोक बांधून मागतायत! इंदूकाकू डोळे वटारायच्या, पण मनातून खूश असायच्या.

इंदूकाकूंचा नियम असा होता, की एका यजमानाचा स्वयंपाक झाला की दुसऱ्याच्या स्वयंपाकाआधी बाईनं परत डोक्यावरून पाणी घ्यायचं. एकाच्या पितरांचं दुसऱ्याला चालत नाही म्हणे. एरवी दिवसाला एखादंच कार्य असे, पण पितृपक्षात तीन-तीन असत. म्हणजे घरची एक आणि काकूंकडच्या तीन, अशा चार आंघोळी, सगळ्या कढत पाण्याच्या, शिकेकाई लावून, खसखसा घासून. माझं काम बंबातलं पाणी बादलीत काढून न्हाणीत ठेवायचं, सोवळ्याची साडी काठीनं उचलून दारावर टाकायची, आणि शेवटी साक्ष द्यायची. हो, साक्ष! आई ओल्या केसांनी बाहेर आली की काकू तिला काही म्हणायच्या नाहीत. मोठ्या बाईला तोंडावर कसं विचारायचं? त्या मला विचारायच्या, "अलके, डोक्यावरून घेतलं ना गं आईनं?" आणि मी शाळेत हजेरी दिल्यासारखी म्हणायचे, "हो, डोक्यावरून." मग चुलीत जाळ व्हायचा.

घरात आई काकूंच्याही वरताण होती. मी नववीत असताना एकदा, जानेवारीत, बाहेर दात वाजवणारी थंडी आणि मला सर्दी, म्हणून मी न्हाणीत गेले, तोंड धुतलं, केस जरा ओले केले आणि बाहेर आले. आईनं माझ्या दंडाला नुसता हात लावला. कोरडा! दुसऱ्या क्षणी माझ्या गालावर अशी बसली की कानात घंटा वाजली. "पारोशी फिरतेस घरात? आणि वर खोटं?" त्या दिवशी मला पाटावर बसवून तिनं स्वतः आंघोळ घातली, रडत होते तरी. तिचं म्हणणं, आंघोळ चुकवणं एक वेळ समजू, पण आंघोळीचं सोंग? ते पाप. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे फार टोचलं.

त्याच थंडीत तिच्या अंगाला खाज सुटली. आधी नडग्यांना, मग दंडांना, मग हातांना. कातडी पांढुरकी, खपल्या धरलेली. दुपारी दोन मिनिटं आडवी झाली की झोपेतही तिच्या नखांचा खर्रर्र असा आवाज यायचा. तिनं ओळखलं की अंगात घाण साठलीय, आणि उपाय एकच, अजून आंघोळ. कढत पाणी अंगावर पडलं की खाज पाच मिनिटं मरायची, म्हणून ती अजून कढत घ्यायची. कडुनिंबाचा पाला उकळून झाला, बेसन झालं, तुरटी झाली, पाय घासायची वज्री हातांवरही फिरवून झाली. उन्हाळा गेला, पावसाळा आला, पण तिच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा काही मिटल्या नाहीत. ती त्यांत तूप भरायची, चिंधी बांधायची आणि कणीक मळायच्या वेळी चिंधी सोडून ठेवायची.

गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात ते घडलं. येवल्याचे यजमान होते, पंधरा-वीस पानं. आई परातीत कणीक मळत होती आणि मी दारात वाटाणे सोलत बसले होते. इंदूकाकू आत आल्या, परातीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजल्या. पांढऱ्या कणकेवर कुंकवाच्या बोटासारखा लाल ठिपका होता. आईनं पटकन त्यावर मूठ दाबली, तर मूठ उचलल्यावर दोन ठिपके. "सुमन! हात दाखव!" काकूंचा आवाज मी कधी तितका चढलेला ऐकला नव्हता. आईनं हात पुढे केले. अहो, मी तिची मुलगी, रोज बघणारी, पण त्या खिडकीच्या उजेडात पाहिले तेव्हा माझ्याही तोंडचं पाणी पळालं. जागोजागी उललेले, कडांना लाल. ती अख्खी परात गाईला गेली. यजमानांना साधी पोळी वाढली, तीही शेजारणीच्या हातची.

काकू वाईट नव्हत्या. त्यांनी आईला बाहेर ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं, "पितृपक्षाला तीन आठवडे आहेत. हात धड झाले तर ये. नाहीतर मी दुसरी बाई बघते, माझा इलाज नाही. आणि सुमन, आंघोळीत काही कसूर होत असेल तर बघ बाई. कातडीचं दुखणं काही उगाच येत नाही." कसूर! चार-चार आंघोळी करणाऱ्या बाईला! पितृपक्षाच्या पंधरा दिवसांत ती जी कुणी असायची, ते तिला वर्षभर पुरायचं. तिथे तिला कुणी कारखान्यातल्या कामगाराची बायको म्हणायचं नाही. 'सुमनबाईंच्या हातचं' असं म्हणायचे. ते गेलं तर तिच्याजवळ काय उरणार होतं, हे मला त्या वयातही कळत होतं.

बाबांनी रजा टाकली आणि तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टर बाई होत्या, निफाडकडच्या, द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या, मोठा आवाज, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी आईचे हात हातात घेतले, भिंग लावून पाहिले, बाही वर करून दंड पाहिला. "ताई, आंघोळ किती वेळा?" आई ताठ बसली. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं तिनं सांगितलं, "रोज दोनदा. कामाच्या दिवसांत चारदा." "पाणी?" "कढत. वाफा येणारं." "घासता कशानं?" आईनं सगळी यादी सांगितली. डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. "ओ ताई, तुम्ही अंग धुता का भांडी घासता? देवानं कातडीला तेल दिलंय, ते तुम्ही रोज खरवडून मोरीत सोडताय. तिला रोग-बिग काय लागलेला नाय. ती लय कोरडी पडलीय, बस." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे ऐकून माझी आई खुर्चीतून अर्धी उठली. आंघोळ दिवसाआड. पाणी कोमट. पाच मिनिटांत बाहेर. साबण नुसता काखेत, जांघेत आणि पायांना. अंग जरा ओलं असतानाच खोबरेल किंवा मलम. "रोज करायचीच असेल तर एकदा, नुसत्या पाण्यानं. पण आत्ता महिनाभर दिवसाआडच. प्रत्येकाची कातडी सारखी नसते ताई. माझा भाऊ बागेत फवारणी करून येतो, त्यानं रोज दोनदा केली तरी मी काय म्हणणार नाही. तुमची कातडी तशी नाही."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. कुणी तिला गोमांस खा म्हटलं असतं तरी तिचे डोळे इतके पांढरे झाले नसते. ती म्हणाली, "दिवसाआड? म्हणजे... पारोशी राहू?" आणि मग, रागानं की खरंच जाणून घ्यायचं म्हणून कोण जाणे, तिनं विचारलं, "तुम्ही राहता?" डॉक्टरीणबाई हसल्या. "मी काल केली. आज नाही केली." झालं! आईनं आपला हात त्यांच्या हातातून असा काढून घेतला, जणू विंचू चढला. त्या बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही, चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर आई चपला काढून सरळ न्हाणीत, डोक्यावरून दोन बादल्या! का, तर तिला पारोशा बाईनं शिवलं होतं. बाबा ओट्यावर बसून म्हणाले, "औषध घ्यायला गेलो आणि दुखणं वाढवून आलो." आज हे लिहिताना मला लाज वाटते. मखमलाबादहून भाजी-फुलं घेऊन येणारी माळीणबाई आमच्या उंबऱ्याबाहेर पाटी ठेवायची, आणि ती गेली की आई त्या जागेवर पाणी शिंपडायची, हेही आठवतं. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पण तीन आठवड्यांत तिचे हात बरे झाले. मी समजले, मलमाचा गुण. घरी ती माझ्या आधी उठायची, मी उठेपर्यंत तिचे केस विंचरून झालेले असत, त्यामुळे आंघोळ झालीच असणार हे मी धरूनच चालले होते. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी इंदूकाकूंनी तिचे हात उलटेपालटे करून बघितले, मान डोलावली आणि कोठीची किल्ली तिच्या हातात दिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी एवढंच बजावलं, "नियम मात्र तोच हं. दर यजमानाला डोक्यावरून." आई हो म्हणाली. आता बघा पेच. आंघोळ न करावी तर काकू काम देणार नाहीत, आणि करावी तर हात पुन्हा उलणार आणि काकू काम देणार नाहीत. हा पेच मला तेव्हा दिसला नाही. आईला दिसला होता.

तिसरा दिवस. तोवर बादली ठेवली की काकू मला फुलं-पत्रावळींना पिटाळत होत्या, दाराशी उभं राहायला मिळालंच नव्हतं. पहिला स्वयंपाक उरकला होता, दुसरे यजमान घाटावर बसले होते. मी बादली आत ठेवली, साडी दारावर टाकली आणि नेहमीसारखी बाहेर उभी राहिले. आत आई नद्यांची नावं पुटपुटायला लागली आणि पहिला तांब्या पडला. सपाक्! सरळ फरशीवर. मी म्हटलं, हात सुटला असेल. दुसरा तांब्या, सपाक्. तिसरा, सपाक्. मध्ये 'हुं' नाही, ओघळणं नाही, काही नाही. मला वाटलं, आईला चक्कर आली, ती खाली पडलीय आणि पाणी तसंच वाहतंय. त्या दाराची कडी नीट बसत नसे. मी दार ढकललं.

आई कोपऱ्यात उभी होती. परकर-पोलक्यावर, पूर्ण कोरडी. एका हातानं परकर वर धरलेला, भिजू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं ती तांब्या तांब्या पाणी मोरीच्या तोंडाशी ओतत होती. ओठांवर नद्या चालूच. मला पाहून ती 'गोदावरी'पाशी अडकली. मी तिच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे. माझ्या पायाखालची फरशी हलली म्हणा ना! मी कुजबुजले, "आई, हे काय?" मी विचारलं, "घरी तरी केलीस का?" तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "काल केलीय." तेच शब्द! त्या डॉक्टरीणबाईंचे! मग तिनं नळाखाली डोकं धरलं, केस ओले केले, पिळले, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तोच गाल, जिथं जानेवारीत तिची बोटं उमटली होती. ते काही तिनं ठरवून केलं नसेल, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई साडी नेसून बाहेर आली. ओसरीत इंदूकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अलके, डोक्यावरून घेतलं ना गं आईनं?" माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. सोंग, पाप, थप्पड, सगळं. एक शब्द बोलले असते तर त्या घरातली आईची कायमची सुट्टी होती. आई चुलीशी पोचली होती. तिनं माझ्याकडे वळून बघितलंही नाही, भिजलेली डाळ उपसायला घेतली होती, आणि मला तिचे हात दिसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना चिंधी नव्हती. मी म्हटलं, "हो, डोक्यावरून." आणि माझं मलाच इतकं नवल वाटलं की मी दोन पावलं मागे सरले.

नंतरचा अख्खा दिवस मी जीव मुठीत धरून बसले होते. आता कुणीतरी पानावर ओकणार. आता गुरुजींना झीट येणार. काकबळी गच्चीवर ठेवला तेव्हा मी जिन्यात लपून बघत होते, म्हटलं, कावळा काही शिवत नाही, आता सगळं बाहेर येणार! कावळा मेला टपूनच बसला होता. त्यानं सगळ्यात आधी पुरणपोळीच उचलली. यजमान ढेकर देऊन उठले आणि त्यांच्या बहिणीनं हळूच विचारलं, "दोन बांधून मिळतील का?" त्यानंतर उरलेले दिवस रोज तीन वेळा पाणी फरशीवर पडलं आणि रोज तीन वेळा मी साक्ष दिली. आई आणि मी त्यावर कधी बोललो नाही. मात्र घरी तिनं मला आंघोळीवरून पुन्हा कधी हटकलं नाही.

गोष्ट इथंच संपती तर बरं होतं. सर्वपित्रीच्या दिवशी आवराआवर झाल्यावर इंदूकाकूंनी चार बायकांसमोर आईचा हात धरून वर केला. "बघा गं, महिन्यापूर्वी या हातांतनं रक्त गळत होतं. पंधरा दिवस रोज चार वेळा डोक्यावरून घेतलं बाईनं, नि बघा, लोण्यासारखी कातडी झाली. मी म्हटलं नव्हतं?" बायकांनी हात चाचपून पाहिला. त्यातल्या एकीच्या नातीला खरूज का काय होतं. ती म्हणाली, उद्यापासून मीही घालते तीन-तीन वेळा. आई नुसती कसनुशी हसली. पण परत येताना नाक्यावर थांबली, म्हणाली, "तू पुढे हो," आणि त्या बाईच्या घराकडे वळली. तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. इंदूकाकूंना मात्र तिनं सांगितलं नाही.

वर्षं गेली. मी लग्न होऊन सातपूरला आले. केटरर लोक आले, ताटं टेम्पोतून यायला लागली, गुरुजी गेले, आईचा सोवळ्यातला स्वयंपाक बंद झाला. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. इंदूकाकू पंच्याहत्तरी ओलांडून न्हाणीतच घसरल्या आणि कंबर मोडून अंथरुणाला खिळल्या. मुलगा वडिलांचंच काम करायचा, वडिलांहून कडक. सून ज्योती भली होती, पण काकूंना आंघोळ आईच्याच हातची हवी असायची, म्हणून आई रोज सकाळ-संध्याकाळ जायची. मी रविवारी माहेरी गेले की सोबत जायचे. काकूंना पलंगावरून उठवून न्हाणीतल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवायचं. दोन वेळा आंघोळ, कढत पाणी, खसखसून. आणि त्यांची कातडी! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तोंडावर हात धरला. आईचीच कातडी, पण त्याहून भयंकर. नडग्यांवर खाजवून खाजवून जखमा झालेल्या, एक चिघळलेली. म्हातारपणची ती कागदासारखी पातळ कातडी, त्यावर हे. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, रोज नको, कढत नको, तेल लावा. ज्योतीनं विनवण्या केल्या. काकू कुणालाच ऐकेनात. "मला शिकवता? ही सुमन बघा. चार-चार आंघोळींनी बरी झाली ती. माझ्या डोळ्यांदेखत. ही माझा दाखला आहे."

एका रविवारी त्या हेच बोलत असताना आईनं साबण खाली ठेवला. मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी मानेनं नाही नाही म्हणत होते. चाळीस वर्षांचं नाव होतं तिचं त्या घरात. ती म्हणाली, "काकू, मी त्या पितृपक्षात तुमच्याकडे आंघोळी केल्याच नाहीत." काकूंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालीस?" "पाणी फरशीवर ओतलं. केस तेवढे ओले करायचे. घरी दिवसाआड एक आंघोळ करायची, कोमट पाण्याची, अन् खोबरेल लावायचं. त्यानं बरी झाले. आणि त्यानंतरही, काकू, मी कधी एकीच्या वर केली नाही." काकूंची मान हळूहळू माझ्याकडे वळली. "अलके? तू तर रोज सांगायचीस." मी म्हटलं, "खोटं सांगायचे, काकू."

त्यांनी एकच विचारलं, "किती पानं उठली असतील गं त्या वर्षांत?" आई म्हणाली, "मोजली नाहीत." काकू म्हणाल्या, "मला आत न्या." पलंगावर निजवल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "जा आता. दोघी जा." बाहेर पडल्यावर मी आईवर चिडले, अगदी रस्त्यात. काय गरज होती? इतकी वर्षं झाकलेलं! आई चालता चालता म्हणाली, "माझ्या खोट्यापायी ती बाई सोलून निघतेय अलका. तिच्या पायाकडे पाहिलंस ना?" आणि थोड्या वेळानं, "सांगू दे तिला कुणाला सांगायचं ते."

चार दिवस निरोप नाही. पाचव्या दिवशी ज्योतीचा फोन आला. सासूबाईंनी चार दिवस तिच्या हातून आंघोळ करून घेतली नाही, नुसतं अंग पुसून घेतलं. घरात त्यावरून तिच्या नवऱ्याची कटकट चाललीय, आई पारोशी राहते, तीर्थ कसं द्यायचं म्हणून. आणि आज त्या म्हणतायत, सुमनला बोलवा, अलकालाही आणा. मी रजा टाकली आणि गेले. आई पिशवीत खोबरेल तेलाची बाटली घेऊन निघाली होती.

काकूंना आम्ही न्हाणीत नेऊन स्टुलावर बसवलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार लाव." मी लावलं. बादलीत पाणी होतं, वाफा येणारं, ज्योतीनं नेहमीसारखं काढलेलं. काकूंनी नडगी पुढे केली. जखम पाच दिवसांत थोडी सुकली होती. "काल अंग पुसलं तेव्हा आग झाली नाही," त्या म्हणाल्या. जणू तक्रारच. आई खाली बसली, तळहातावर तेल घेतलं आणि त्यांच्या पायाला हळूहळू लावू लागली. काकूंनी डोळे मिटले. बाहेर ओसरीत त्यांच्या मुलाची पावलं वाजली, दारापाशी थांबली. काकूंनी डोळे उघडले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो ऐकत असतो. आवाज यायला हवा."

माझा कानांवर विश्वास बसेना. आई एका हातानं तेल लावत होती, तिनं दुसऱ्या हातानं तांब्या बुडवला आणि पाणी मोरीच्या तोंडाशी ओतलं. सपाक्! काकूंच्या कपाळाला आठी पडली. "अगं, अशी भसकन नको ओतूस. अंगावरून पाणी इतक्या लवकर खाली येत नाही." आई त्यांच्याकडे बघतच राहिली, मीही. काकूंनी आमच्याकडे बघितलं नाही. आईनं दुसरा तांब्या हळू, तुटक तुटक ओतला. काकू नद्यांची नावं म्हणायला लागल्या, आणि चौथ्या तांब्याला त्यांनी मधेच एक 'हुं' केलं, इतकं खरं की मला हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला आणि डोळे भरून आले ते वेगळेच.

बादली संपली. दारावर टकटक झाली. बाहेरून त्यांच्या मुलानं विचारलं, "अलकाताई, आईची आंघोळ झाली का? तीर्थ द्यायचंय."

इंदूकाकू कोरड्या अंगानं, तेलानं चमकणारे पाय पुढे पसरून स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "हो, डोक्यावरून."